९,८९,८१८ पायवाटा

फाइल उघडली की सुरुवातीला थोडा इंग्रजी मजकूर आहे, त्यानंतर नुसते आकडे. पहिल्या ओळीत ‘१ १’. दुसरीत एकटाच ‘२’. तिसरीत ‘३ २ २ ४ २ २ २ ३ ३’. चौथीत ‘५’, पाचवीत ‘१’, सहावीत ‘६’. असं खाली खाली जात राहिलं तर ९,८९,८१८ ओळी होतात.

हे आकडे एका दिवसाचे आहेत. मंगळवार, २८ सप्टेंबर १९९९. त्या चोवीस तासांत अमेरिकेतल्या ‘एमएसएनबीसी’ या बातम्यांच्या वेबसाइटवर जे जे आले, त्या प्रत्येकाची इथे एक ओळ आहे. साइटची पानं सतरा विभागांत वाटून विभागांना क्रमांक दिले आहेत. १ म्हणजे मुखपृष्ठ, २ बातम्या, ३ तंत्रज्ञान, ४ स्थानिक, ५ मतं, ६ ऑन-एअर, ८ हवामान, ९ आरोग्य, ११ उद्योग, १२ खेळ वगैरे.

आता तिसरी ओळ परत वाचा. हा माणूस थेट तंत्रज्ञानाच्या पानावर उतरला. तिथून बातम्यांची दोन पानं, मग स्थानिक विभागात एक डोकावणं, पुन्हा बातम्यांची तीन पानं, आणि शेवटी जिथून सुरुवात केली त्या तंत्रज्ञानाकडे परत येऊन दोन पानं. मुखपृष्ठ त्यानं पाहिलंच नाही. संपादक मंडळी ज्या पानासाठी दिवसभर जीव टाकत असतील, मथळे चढवत-उतरवत असतील, ते पान त्याच्या वाटेत आलंच नाही.

वेबसाइटवर येणारी माणसं काय करतात, कुठे थबकतात आणि कुठून परत जातात हे पाहणं हा माझा रोजचा उद्योग आहे. तरी ही जुनी फाइल मी वर्षातून एकदा तरी उघडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेनं ती सर्वांसाठी खुली ठेवली आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं. सरासरी नावाची गोष्ट माणसाला कशी गिळून टाकते, हे मला याच फाइलनं शिकवलं.

पहिल्या दहाच ओळी घेऊ. दहा जणांनी मिळून पाहिलेली पानं मोजली तर ४१ भरतात. सरासरी ४.१. अहवालात लिहायला छान आकडा आहे: ‘प्रत्येक पाहुणा साधारण चार पानं पाहतो.’ पण या दहा जणांत चार पानं पाहणारा एकही नाही. पाच जण एक पान पाहून निघून गेले, दोघांनी दोन-दोन पाहिली आणि उरलेल्या तिघांनी नऊ, दहा आणि तेरा. म्हणजे इथे दोन अगदी वेगळ्या जातीचे लोक आहेत. एक हातातलं काम उरकून जाणारे, दुसरे निवांत हिंडणारे. सरासरी या दोघांच्या मधोमध उभी राहते, आणि तिथे कुणीच राहत नाही. सबंध फाइलची सरासरी ५.७ आहे. तिचीही गत हीच.

*

जिल्ह्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. काम साधं होतं. वार्षिक अहवालासाठी ‘वेबसाइटला मिळालेला प्रतिसाद’ असा एक परिच्छेद लिहून द्यायचा. आदल्या वर्षीच्या अहवालात त्या जागी नुसता भेटींचा आकडा होता आणि तो वाढला म्हणून समाधान व्यक्त केलं होतं.

मी सर्व्हरच्या लॉग फाइल मागवल्या. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता तेव्हा ते पान जिथे ठेवलंय तो सर्व्हर वहीत एक ओळ लिहितो. कुठल्या पत्त्यावरून मागणी आली, किती वाजता, कोणतं पान मागितलं, ते मिळालं की नाही, किती बाइट गेले. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जो सर्व्हर बनला, त्याच्यापासून या ओळीचा साचा जवळजवळ तसाच चालत आला आहे. पहिल्या काळात लोक या ओळी नुसत्या मोजत आणि त्याला ‘हिट’ म्हणत. त्यातली गोम अशी की पानावरचं प्रत्येक चित्रही वेगळं मागितलं जातं. दहा चित्रांचं एक पान कुणी एकदा उघडलं की अकरा हिट. चित्रं वाढवली की लोकप्रियता वाढली! पुढे मोजणी सुधारली. केंब्रिजमध्ये स्टीफन टर्नर यांनी १९९५ मध्ये ‘ॲनालॉग’ हा मोफत प्रोग्रॅम केला. ‘अर्चिन’ नावाची कंपनी गूगलनं २००५ च्या एप्रिलमध्ये घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गूगल ॲनालिटिक्स’ आलं. आज लहानसहान दुकानदाराच्या साइटवरही ते असतं. आकडे आता खूप मिळतात. पण आकड्यांचा डोंगर झाला म्हणून त्यातला माणूस दिसेलच असं नाही.

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मी आधी छापील तक्ते नेले. कोणतं पान किती वेळा पाहिलं गेलं त्याचे उभे खांब, महिन्यागणिक चढउताराची रेघ. सगळ्यांनी ते हातात घेतले, ‘छान, छान’ म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. कुणाला एकही प्रश्न पडला नाही.

पुढच्या खेपेला लॅपटॉप नेला. या वेळी प्रत्येक भेट म्हणजे रंगीत चौकोनांची एक आडवी पट्टी केली होती. मुखपृष्ठ निळं, पुस्तकांची यादी हिरवी, सभासद व्हा हे पान पिवळं, सूचना जांभळ्या. पट्ट्या एकाखाली एक लावल्यावर पडद्यावर गोधडी अंथरल्यासारखं दिसायला लागलं. चौकोनावर कर्सर नेला की पानाचं नाव आणि वेळ दिसायची. एखाद्या रंगावर क्लिक केलं की तो रंग ज्यांत आहे तेवढ्याच पट्ट्या उरायच्या, बाकीच्या बाजूला व्हायच्या.

ग्रंथपाल बाई खुर्ची ओढून जवळ आल्या. पडद्याला बोट लावून म्हणाल्या, “ताई, हे एवढं जांभळं काय दिसतंय? नुसत्या जांभळ्याच्याच पट्ट्या आहेत की!”

मी त्यावर क्लिक केलं. पान उघडलं. तीन वर्षांपूर्वीची गणेशोत्सवातल्या सुट्टीची सूचना. वाचनालय अमुक तारखेला बंद राहील, एरवीची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ.

ही जुनी सूचना एवढे लोक कशाला उघडत होते? मी आदल्या रात्री ते पाहिलं होतं आणि माझं उत्तरही तयार होतं. जुनं, निरुपयोगी पान, लोक चुकून येतात आणि वैतागून जातात, ते काढून टाकावं. आमच्या भाषेत याला ‘बाउन्स’ म्हणतात आणि तो वाईट समजतात.

बाई म्हणाल्या, “सकाळचं काढता येतं का? नऊच्या आधीचं?” मी वेळेची पट्टी सरकवली. जांभळं आणखी दाट झालं. “मग बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “अहो, लोकांना एवढंच बघायचं असतं की आज उघडं आहे का. सकाळपासून मला त्याचेच फोन येतात. आपल्या साइटवर वेळ दुसरीकडे कुठे लिहिलीय?”

आम्ही शोधलं. कुठेच नव्हती. मुखपृष्ठावर सत्कारांचे फोटो एकामागून एक सरकत होते. वेळ फक्त त्या एका जुन्या सूचनेत राहून गेली होती, गूगलनं ती हुडकून काढली होती आणि लोक गुपचूप त्या मागच्या दारानं येऊन वेळ पाहून जात होते.

मी काढून टाका म्हणणार होते ते पान साइटवरचं सर्वांत उपयोगाचं पान निघालं. चित्रावरून ‘काय’ एवढंच मला कळलं होतं. ‘का’ हे त्या बाईंना ठाऊक होतं, आणि हातात घेऊन हलवता येईल असं चित्र समोर आलं म्हणूनच त्यांना तो प्रश्न विचारता आला. छापील तक्त्याला तुम्ही ‘नऊच्या आधीचं काढून दाखव’ असं सांगू शकत नाही.

*

एमएसएनबीसीच्या त्या फाइलचीही गोष्ट अशीच आहे. तिच्यावर काम केलं ते इगोर काडेझ आणि पॅडरिक स्मिथ या अर्व्हाइनच्या दोघांनी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले डेव्हिड हेकरमन, ख्रिस्तोफर मीक आणि स्टीव्हन व्हाइट यांनी. २००० मध्ये बोस्टनला झालेल्या परिषदेत त्यांनी ते मांडलं. त्यांच्या साधनाचं नाव होतं ‘वेबकॅनव्हास’.

दहा लाखांच्या आसपास पट्ट्या एका पडद्यावर मावणार नाहीत, आणि मावल्या तरी डोळ्यांना काही सुधरणार नाही. म्हणून त्यांनी आधी सारखं वागणाऱ्यांचे गट पाडले. हे गट कुणी आधी ठरवून दिले नव्हते. या पानावर असलेला माणूस पुढे कोणत्या पानावर जाण्याची किती शक्यता आहे, एवढ्या एका कसोटीवर संगणकानं गट स्वतः शोधले. गणितात या पुढच्या पावलाच्या हिशेबाला रशियन गणिती मार्कोव्ह यांचं नाव आहे. मग प्रत्येक गटाला पडद्यावर एक चौकट दिली आणि चौकटीत त्या गटातल्या काही माणसांच्या रंगीत पट्ट्या लावल्या. एक ओळ, एक माणूस. एक रंग, एक विभाग.

मला या कामात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच निर्णय. गट पाडल्यावर ते गटाची सरासरी काढून एक बाण दाखवून मोकळे होऊ शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. गटाच्या चौकटीतही माणसं माणसं म्हणूनच ठेवली. त्यामुळे गट बरोबर पडलाय की नाही हे बघणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येत होतं. एखादी पट्टी उपरी वाटली तर ती लगेच खुपायची.

आणि दिसलं काय? पुष्कळ लोक थेट तंत्रज्ञानाच्या किंवा स्थानिक पानावर उतरत होते, मुखपृष्ठावरून येतच नव्हते. एक मोठा गट ऑन-एअर विभागातून स्थानिक विभागाकडे जात होता. तंत्रज्ञान आणि उद्योग यांच्यात मात्र फारशी ये-जा नव्हती. १९९९ म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचे भाव आभाळाला भिडले होते तो काळ. तंत्रज्ञान वाचणारा उद्योगाचं पान उघडेल असं कुणीही धरून चालला असता. हवामानाच्या पानांना तर तुडुंब गर्दी. फाइलमधली नववी ओळ पाहा: ‘६ ७ ७ ७ ६ ६ ८ ८ ८ ८’. शेवटी चार वेळा हवामान. त्या माणसाला कुठे जायचं होतं, कुणाच्या घरी लग्न होतं की शेतात कापणी उभी होती, आपल्याला कधीच कळणार नाही. पण उद्या पाऊस आहे का, ही त्याची काळजी त्या चार आठांत आजही शाबूत आहे.

फाइलसोबत एक कबुलीही दिली आहे. एकदा पाहिलेलं पान ब्राउझर किंवा मधला सर्व्हर आपल्याजवळच ठेवून देतो. ते पुन्हा पाहिलं तर मूळ सर्व्हरकडे मागणी जातच नाही, म्हणून अशा भेटी या ओळींत नाहीत. शिवाय ‘एक ओळ म्हणजे एक माणूस’ हेही धरून चाललेलं आहे. आपल्याकडे घरातला एक फोन आजी, सून आणि नातू तिघंही वापरतात, आणि मोबाइल कंपनीच्या एकाच पत्त्यामागे कितीतरी फोन असतात. त्यात भर म्हणून माणसं नसलेले पाहुणेही येतात. गूगलसारख्यांचे प्रोग्रॅम रात्रंदिवस पानं वाचत फिरत असतात. वाचनालयाच्या लॉगमधून मी त्यांना आधी वेचून बाहेर काढलं, तेव्हा कुठे खरी गोधडी दिसली.

*

अशी चित्रं काढण्याची कला वेबसाइटच्या कितीतरी आधीची आहे. नेपोलियन १८१२ मध्ये रशियावर चालून गेला, ती मोहीम फ्रेंच अभियंता शार्ल मिनार यांनी १८६९ मध्ये एका पट्ट्यानं दाखवली. नकाशावर ४,२२,००० सैनिकांचा जाड पट्टा पूर्वेकडे निघतो, बारीक बारीक होत जातो आणि परत येताना १०,००० ची काळी रेघ उरते. १८९८ मध्ये कॅप्टन सॅन्की यांनी वाफेच्या इंजिनात उष्णता कुठे कुठे वाया जाते ते तशाच पट्ट्यांनी दाखवलं. आज वेबसाइटवरचे लोक एका पानावरून दुसऱ्या पानावर कसे वाहत जातात त्याच्या आकृतीला आम्ही सॅन्कीचंच नाव देतो. दुकानाच्या साइटवर शंभरांनी वस्तू पाहिली, काहींनी टोपलीत टाकली, थोड्यांनी पैसे दिले, अशी ती निमुळती होत जाते. त्याला नरसाळं म्हणतात आणि मधे सुटलेल्यांना गळती. शाळेतल्या मुलांच्या बाबतीत आपण हाच शब्द वापरतो. तिथे जसं मूल का सुटलं हे घरी जाऊन विचारावं लागतं, तसंच इथेही.

चित्र हलतं करण्यामागचा विचार मेरिलँड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये नीट मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बघणाऱ्याला आधी सगळा पसारा एका नजरेत दिसावा, मग त्याला जवळ जाता यावं आणि नको ते गाळता यावं, आणि तपशील त्यानं मागितला तरच पुढे यावा. पुस्तकांच्या दुकानात आपण असंच करतो. दारातून सगळं दुकान बघतो, मग एका कपाटाशी जातो, मग एक पुस्तक काढून उघडतो. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या माइक बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी ‘डी-थ्री’ हे साधन मोफत दिलं आणि असं चित्र ब्राउझरमध्ये उभं करणं माझ्यासारखीच्या आवाक्यात आलं. वाचनालयाची गोधडी त्याच्यावरच विणली होती.

हे सगळं हातानं करून पाहायचं असेल तर विकिपीडियासारखी जागा नाही. कोणताही लेख कोणत्या दिवशी किती वेळा पाहिला गेला, हे जुलै २०१५ पासून तिथे उघड आहे, मराठी विकिपीडियाचंही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखाचा आलेख काढा. वर्षभर तो आपल्या संथ गतीनं चालतो, १४ एप्रिलला सुळक्यासारखा उभा राहतो, आणि ६ डिसेंबरला पुन्हा. चैत्यभूमीवरची रांग आपण दरवर्षी पाहतो. तिची एक सावली या रेघेतही पडते. इंग्रजी, जर्मन, रशियन, फारसी अशा काही भाषांसाठी तर कोणत्या लेखावरून कोणत्या लेखाकडे लोक गेले याच्या जोड्याही दर महिन्याला मिळतात. आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की इंग्रजी विकिपीडियावर तळटीपेतल्या संदर्भावर क्लिक होतं ते तीनशे वेळा पान पाहिलं गेल्यावर साधारण एकदा. संदर्भ जुळवायला रात्री घालवणाऱ्या संपादकांना हे वाचून वाईट वाटेल. पण त्याच अभ्यासात हेही आहे की लेख जितका तोकडा, तितके लोक संदर्भाकडे अधिक वळतात. मराठीत तोकडे लेख भरपूर आहेत. तिथे संदर्भ देणाऱ्यांनी तो द्यावाच.

विकिपीडियाच्या या जोड्यांत एक नियम आहे, तो मला फार आवडतो. महिन्याभरात दहा किंवा त्याहून कमी वेळा घडलेली जोडी वगळली जाते. एकट्यादुकट्याची वाट दाखवायची नाही. पुष्कळांची वाट असेल तरच ती नकाशावर येते.

असं का करावं लागतं, ते २००६ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांना कळलं. ‘एओएल’ कंपनीनं संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले शोध खुले केले. नावं काढून क्रमांक दिले होते. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी नुसते शोधलेले शब्द वाचून त्यातल्या एका क्रमांकामागची व्यक्ती थेट घर गाठून शोधून काढली. आपण काय शोधतो त्यातच आपण असतो. एमएसएनबीसीच्या फाइलमध्ये पत्ता नाही, वेळ नाही, पानाचं नावही नाही, केवळ विभाग आहे. म्हणून ती अजून निर्धास्तपणे वापरता येते.

याच्या उलट टोकाचं साधनही आज सर्रास विकलं जातं. पाहुण्याचा माउस कसा हलला, तो कुठे अडखळला, त्यानं रकान्यात काय लिहिलं, याचं जणू चित्रीकरणच करणारं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या स्टीव्हन एंगलहार्ट, गुनेश अजार आणि अरविंद नारायणन यांनी २०१७ मध्ये जगातल्या पहिल्या ५०,००० साइट तपासल्या, तेव्हा असं चित्रीकरण चालू असलेल्या ४८२ सापडल्या. फॉर्म पाठवण्याचं बटण दाबण्याआधीच, खोडून टाकलेली अक्षरंसुद्धा, तिसऱ्याच कंपनीकडे पोचू शकत होती. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला तो असल्याच गोष्टींसाठी. कायदा असो वा नसो, एवढं खोल बघायला मला कुणी सांगितलं तर मी नाही म्हणते. पायवाट कुठून गेली हे पाहण्यासाठी चालणाऱ्याच्या खिशात हात घालावा लागत नाही. वाचनालयाची गोधडी करण्याआधी मी पत्त्यांचा रकाना पुसून टाकला होता. पानांचा क्रम आणि वेळ, एवढंच ठेवलं होतं. आमचा प्रश्न सोडवायला तेवढं पुरलं.

*

त्या बैठकीनंतर वाचनालयाच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक पट्टी आली: आज उघडं आहे की बंद, आणि किती ते किती. ग्रंथपाल बाई रोज सकाळी आल्या की ती बदलतात. फोटो राहिले, पण खाली गेले.

पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या वेळी अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. ते काळजीत होते. “ताई, पानांचा आकडा कमी झालाय की हो. सभेत काय सांगायचं?”

मी नवीन गोधडी उघडली. जांभळं जवळजवळ नाहीसं झालं होतं. सकाळच्या वेळात एकेका चौकोनाच्या पट्ट्याच पट्ट्या होत्या: आले, माथ्यावरची ओळ वाचली, गेले. बाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, “साहेब, सकाळचे फोन बंद झालेत. मला आता आल्या आल्या पुस्तकं लावता येतात.” अध्यक्षांनी ते वाक्य तसंच अहवालात घालायला सांगितलं, आणि आकडाही घातला, कमी झालेला.

लॅपटॉप मिटण्याआधी बाईंनी एका पट्टीकडे बोट दाखवलं. रात्री पावणेबाराची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरवी, पडद्याच्या कडेबाहेर गेलेली. कुणीतरी कवितासंग्रहांची यादी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघत गेलं होतं.

“कोण असेल हो?” त्यांनी विचारलं. पत्त्याचा रकाना पुसलेला होता. आम्ही दोघी थोडा वेळ ती पट्टी तशीच बघत राहिलो. मग बाईंनी वहीत लिहून घेतलं: कवितेचं कपाट पुढे आणणे.